मोडक्या मुकुटाची पेनी

जुन्या इंग्लिश पेनीवरचा राजा चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये. 13व्या-14व्या शतकातल्या चांदीच्या पेनीवर जो चेहरा असतो तो कोणाचाच नसतो. समोर रोखलेले डोळे, दोन्ही कानांवर केसांच्या बटा, डोक्यावर फुलाफुलांचा मुकुट. पहिला एडवर्ड, त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड, नातू तिसरा एडवर्ड. तिघांचं नाव एक, ध्यान एक, आणि नाण्यावर राजाच्या नावापुढे आकडा घालायची पद्धत इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीपर्यंत रुळलेली नव्हती. त्याही आधीची गंमत म्हणजे 1180 ते 1247 या काळातल्या सगळ्या ‘शॉर्ट क्रॉस’, म्हणजे आखूड क्रुसाच्या, पेन्यांवर हेन्रीचंच नाव आहे. मधे रिचर्ड येऊन गेला, जॉन येऊन गेला, नाण्यावर मात्र दोघांचाही पत्ता नाही. रिचर्ड द लायनहार्टच्या नावाची इंग्लिश पेनी हवी म्हणून पैसे घेऊन बाजारात फिरणाऱ्याला रिकाम्या हातानेच परत यावं लागेल.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्ट्या बघायच्या. नाण्यांचं वेड त्याआधीचं, साताऱ्याचं. वडील शिवराया गोळा करायचे. शिवराई हातात घेतली की आधी कोणती अक्षरं चकतीवर आली आहेत आणि कोणती बाहेर सांडली आहेत ते बघायचं, मग ‘शिव’ कसं लिहिलंय ते बघायचं: ऱ्हस्व, दीर्घ, ‘श’ की ‘स’. ‘छत्रपति’चंही तेच. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि ठसा कोरणाऱ्याचं शुद्धलेखन त्याच्या मर्जीवर. त्या शिवराया माहेरीच आहेत आणि तिथेच राहतील, कारण शंभर वर्षांहून जुनं नाणं भारतीय कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. इथे आल्यावर हात शिवशिवायला लागले तेव्हा मी इथल्याच, हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यांकडे वळले. नजर तीच लागते.

बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये नाण्यांचा बाजार भरतो. तिथे काचेच्या पेटीतली देखणी नाणी मी फक्त बघते. माझा वेळ जातो तो टेबलाच्या कडेला ठेवलेल्या ट्रेपाशी, जिथे ओळख न पटलेली, वाकडी, झिजलेली नाणी कागदी पाकिटांत घालून उभी केलेली असतात. असंच एक पाकीट उचललं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘एडवर्ड, पेनी, टांकसाळ अस्पष्ट’. किंमत पस्तीस पौंड. भिंगातून नाण्याची मागची, क्रुसाची बाजू बघितली, क्रुसाचा एक हात मला खटकला, आणि घासाघीस न करता पैसे दिले. काय खटकलं ते पुढे येईल.

घरी आल्यावर पहिलं काम वजनाचं. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो आणि या छंदात भिंगाच्या खालोखाल उपयोगी तोच. पेनीचं वजन शतकानुशतकं उतरत गेलं आहे. पहिल्या एडवर्डने 1279 मध्ये नवी नाणी पाडली तेव्हा ते साधारण 1.44 ग्रॅम होतं. तिसऱ्या एडवर्डने 1351 मध्ये ते 1.17 वर आणलं, 1412 मध्ये 0.97 झालं आणि 1464 मध्ये 0.78. तेव्हा काट्यावर 1.31 दिसलं की नाणं 1351 च्या आधीचं असणार हे जवळपास नक्की, कारण झिजून वजन घटतं, वाढत नाही. माझ्या नाण्याचं 1.31 भरलं.

मग कड. गोलाई एका बाजूला जराशी सपाट होती आणि तिथली अक्षरं डोक्यापासून छाटलेली. कडेची चांदी कातरून घेणं हा त्या काळचा मोठा गुन्हा होता आणि सर्रास चाले. 1247 मध्ये क्रुसाचे हात कडेपर्यंत लांबवले ते याचसाठी, कातरलं तर चटकन कळावं म्हणून. कातरलेली कड बघताना मला 1278 ची धरपकडही आठवते. कातरणीच्या आरोपावरून पहिल्या एडवर्डने देशभरातल्या ज्यूंना पकडून तुरुंगात टाकलं आणि त्यातल्या शेकडोंना फाशी दिलं. आरोप झालेल्यांत ख्रिस्तीही होते, पण फासावर गेलेल्यांत फार मोठी संख्या ज्यूंची. 1290 मध्ये तर उरलेल्यांना देशातूनच हाकललं. तेव्हा ‘जरा कातरलेली आहे, किंमत कमी’ एवढ्यावर हा विषय संपत नाही.

आता वाचन. राजाच्या बाजूपेक्षा क्रुसाची बाजू आधी वाचावी असं माझं मत आहे. 1279 नंतरच्या पेनीवर क्रूस कडेने लिहिलेल्या लेखाचे चार तुकडे करतो, आणि शहर कॅथेड्रलचं असेल तर पहिले दोन तुकडे नेहमी तेच: ‘सिव्हि’, ‘तास’, लॅटिनमध्ये शहर. नुसतं गाव असेल तर सुरुवात ‘व्हिला’ने, जसं ब्रिस्टल, बेरिक, बरी सेंट एडमंड्स. म्हणजे खरी माहिती उरलेल्या अर्ध्या भागात. ‘लोन-दोन’ म्हणजे लंडन, ‘कान-तोर’ म्हणजे कँटरबरी. पडलेल्या पेन्यांत या दोन टांकसाळींचा वाटा एवढा मोठा की दुसरं काही निघालं तर आनंद मानावा. त्याआधीच्या नाण्यांवर टांकसाळीबरोबर नाणं पाडणाऱ्याचंही नाव असे, 1279 ला ते गेलं. अपवाद एकच, बरी सेंट एडमंड्सचा रॉबर्ट द हेडली. त्याचं नाव पुढेही काही काळ झळकत राहिलं.

माझ्या नाण्याचा तिसरा तुकडा कातरलेल्या बाजूला आला होता. चौथ्यात एक गोलसर ‘ई’, मग एक उभा दांडा, मग ‘एम’. अक्षरं ओळखायला आधी ती कशी घडली ते माहीत असावं लागतं. ठसा कोरणारा अख्खं अक्षर कोरत नसे. त्याच्याकडे मोजके पोलादी छाप असत, एक पाचरीसारखा, एक चंद्रकोरीसारखा, आणि ते एकाशेजारी एक ठोकून तो अक्षरं जुळवत असे. त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर अर्धी चंद्रकोर दिसली तर ती ‘सी’ असेल, ‘ई’ असेल किंवा ‘ओ’ची एक बाजू असेल. दिवा एका बाजूने, जवळपास आडवा धरायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. वरून उजेड पाडला की सगळं सपाट दिसतं. तिरक्या उजेडात उभ्या दांड्याला पायाशी लहानशी शेपूट दिसली. ‘एल’. म्हणजे ‘एल्म’. कातरलेल्या तुकड्यात ‘डुन’चे फक्त पाय उरले होते, पण एवढं पुरलं. सिव्हितास डुनेल्म, दरहॅम.

दरहॅम म्हणजे गोष्ट वेगळी. उत्तरेत, स्कॉटलंडच्या तोंडावर, तिथला बिशप हा जवळपास मांडलिक राजासारखा. टांकसाळ त्याची, तिचा नफा त्याचा. आणि हे बिशप आपली खूण नाण्यावर सोडत. अँटनी बेकची खूण राजाच्या बाजूला, लेख सुरू होतो तिथे: साध्या क्रुसाऐवजी टोकं दुभंगलेला क्रूस. लुई द ब्यूमाँची खूण सिंहाची. आणि या दोघांच्या मधला रिचर्ड केलो, 1311 ते 1316. त्याने राजाची बाजू सोडून क्रुसाला हात घातला. क्रुसाच्या एका हाताचं टोक डावीकडे वळवून त्याची बिशपची काठी केली, मेंढपाळाच्या आकड्यासारखी.

बाजारात मला खटकलेला हात हाच. बाकीच्या तिन्ही हातांची टोकं दोन्हीकडे सारखी पसरलेली, याचं मात्र एकाच बाजूला वळलेलं. ठोकताना वरचा ठसा सरकला तरी आकार असा फाकतो, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. सरकलेला ठसा शेजारची अक्षरंही दुहेरी करतो. इथे अक्षरं एकेरी आणि स्वच्छ होती. काठीच.

केलो मूळचा दरहॅमच्याच मठातला साधू. त्याच्या कारकिर्दीचं दप्तर टिकून राहिलेलं आहे, त्यामुळे तो काय करत होता हे बरंच कळतं. वाट्याला आलेली वर्षं वाईट. 1312 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या माणसांनी दरहॅमवर धाड घातली, जाळपोळ केली, आणि लोकांनी खंडणी भरून तह विकत घेतला. 1314 ला बॅनकबर्नच्या लढाईत ब्रूसपुढे दुसऱ्या एडवर्डचा धुव्वा उडाला, मग तर उत्तर उघडीच पडली. खंडणी चांदीत मोजली जायची आणि चांदी म्हणजे पेन्याच, कारण हिशेब पौंडात होत असला तरी पौंडाचं नाणं नव्हतं. 240 पेन्या म्हणजे एक पौंड. माझी पेनी त्या खंडणीत होती असं म्हणायला काहीच आधार नाही आणि मी म्हणतही नाही. मोह होतो खरा.

बिशप कळला म्हणजे राजा कळला, दुसरा एडवर्ड. पण ओळख अशी एका खुणेवर सोडू नये. खूण काठीची नसून मातीत पडल्यावर लागलेला मार असेल तर? म्हणून राजाच्या बाजूने स्वतंत्रपणे जायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचं.

राजाच्या बाजूचा लेख ‘ई-डी-डब्ल्यू’ने सुरू होतो. पुढे लगेच ‘आर’ आला तर नाणं बहुतेक पहिल्या एडवर्डचं, सुमारे 1300 पर्यंतचं. ‘डब्ल्यू’नंतर ‘ए’ आला, म्हणजे नाव लांबलं, तर त्यानंतरचं. माझ्या नाण्यावर ‘ए’ होता, पुढचं झिजलेलं. म्हणजे दहावा वर्ग किंवा त्यापुढचा. हे वर्ग पाडले फॉक्स बंधूंनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पहिल्या दोन एडवर्डांच्या पेन्यांचे त्यांनी पंधरा वर्ग लावून दाखवले आणि आजही विक्रेत्यापासून संग्रहालयापर्यंत सगळे त्याच आकड्यांत बोलतात. दहावा वर्ग बापाच्या शेवटच्या वर्षांतून थेट मुलाच्या पहिल्या वर्षांत जातो. 1307 ला राजा मेला, ठसे बदलले नाहीत. अकरापासून पुढे निखळ दुसरा एडवर्ड.

आणि अकरावा वर्ग ओळखायचा कसा? मुकुटावरून. मुकुटाच्या मधल्या आणि कडेच्या फुलांमध्ये भाल्याच्या टोकासारखं किंवा मोत्यासारखं एक एक नक्षीचं टोक असतं. अकराव्या वर्गात डावीकडचं टोक तुटलेलं दिसतं. एका नाण्यावर नव्हे, वर्गातल्या सगळ्या नाण्यांवर. कारण तुटला होता तो मुकुटाचा छाप. लंडनमध्ये ठसे घडवणाऱ्या कारागिराकडचा पोलादी छाप जरा मोडला, आणि त्याने नवा न करता त्याच मोडक्या छापाने ठशामागून ठसा ठोकला. बहुतेक टांकसाळींना ठसे लंडनहूनच जात. त्यामुळे लंडनची पेनी असो की दरहॅमची, एकाच काळात मुकुट एकाच जागी मोडका.

हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून बसून राहिले होते. नाण्यावर साल नाही, राजाचा आकडा नाही, चेहरा खरा नाही. मुद्दाम लिहिलेल्या गोष्टींतून तारीख मिळत नाही. ती मिळते कोणीही मुद्दाम न केलेल्या गोष्टीतून, हत्यार मोडल्यातून. ‘सी’ आणि ‘ई’चा छाप बदलला, आधी अक्षराची पाठ गोल होती ती मग कोनदार झाली, की अकराव्या वर्गाचा पुढचा पोटप्रकार सुरू. बाराव्या वर्गात मुकुटाचं मधलं फूल तीन पाचरींचं, तेराव्यात ते दुधारी कुऱ्हाडीसारखं. चौदाव्यात राजाचा चेहरा मोठा आणि चक्क हसरा, जरा चावट म्हणावा असा. टांकसाळीतल्या एखाद्या अधिकाऱ्याने वेळेवर नवा छाप मंजूर केला असता तर आपण आज आंधळे.

माझ्या पेनीचा मुकुट डावीकडे मोडका निघाला. ‘सिव्हि’मधल्या ‘सी’ची पाठ कोनदार. म्हणजे अकरावा वर्ग, दुसरा पोटप्रकार, केलोच्या सुरुवातीच्या वर्षांतला. क्रुसाच्या बाजूचं उत्तर आणि मुकुटाच्या बाजूचं उत्तर जुळलं.

तरी एक पायरी राहते, नाणं इंग्लिशच आहे ना याची. इंग्लिश पेनीची चांदी खात्रीची, हजारात 925 भाग शुद्ध, म्हणून समुद्रापलीकडच्या सरदारांनी तिच्या नकला पाडल्या. काही उघड होत्या, राजाला मुकुटाऐवजी फुलांची माळ घातलेल्या. पहिल्या एडवर्डने 1299 मध्ये त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली आणि 1300 मध्ये त्या पूर्ण बाद केल्या. काही जास्त धूर्त. पोर्सियाँचा काउंट गोशे द शातियाँ याच्या नाण्यावर क्रूस तोच, क्रुसाच्या कोपऱ्यांतले तीन-तीन ठिपके तेच, मुकुटही तोच, फक्त लेख वाचला तर नाव गोशेचं. वाचता न येणाऱ्याला फसवायला पुरेसं, आणि तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हतं. माझ्या नाण्यावर ‘डुनेल्म’मधलं ‘एल्म’ वाचता येतं, तेव्हा तो प्रश्न मिटला. तरी या नकला मी तुच्छ मानत नाही. मिळाली तर मी ती अस्सल पेनीपेक्षा आधी घेईन.

आजच्या नकला वेगळ्या आणि त्यांच्यात काही मजा नाही. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेला नीट पाहिलं तर दोन अर्धी जोडल्याची रेघ. एकाच दुकानदाराकडे अगदी त्याच जागी ओरखडा असलेली दोन नाणी दिसली तर तिथून निघावं. ऑनलाइन एकाकडून मी घेतलेलं आठव्या हेन्रीचं ग्रोट, म्हणजे चार पेन्यांचं नाणं, असंच निघालं. पैसे परत मिळाले, उत्तर मात्र आलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा की महाग नाणं फक्त त्याच्याकडून घ्यायचं जो पावतीवर वर्णन लिहून देतो.

मधल्या काळात पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या संग्रहात केलोच्या पेन्यांचे फोटो काढून शेजारी ठेवून पाहिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांना शेतात सापडलेल्या वस्तूंची ही सरकारी नोंदवही, दहा लाखांहून जास्त नोंदी, घरबसल्या फुकट बघता येते. पुस्तकातल्या देखण्या नमुन्यापेक्षा हे झिजके, मातीतून आलेले नमुने माझ्या कामाचे, कारण माझं नाणंही तसंच. माझ्या ओळखीतला एकजण मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरतो, अर्थात शेतकऱ्याच्या परवानगीने. त्याला अर्धी कापलेली पेनी सापडली ती त्याने लगेच नोंदवली. 1279 पूर्वी सुटे पैसे बहुतेक असे पेनी कापूनच करत, अर्ध्या, पाव. एकटं नाणं सापडलं तर ते सहसा कायद्याच्या भाषेतलं ‘ट्रेझर’ (ठेवा) ठरत नाही, पण तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र निघाली की 1996 च्या कायद्याने कळवावंच लागतं. माझ्या पेनीचं गाव कोणतं, ती कुठल्या शेतातून आली, याची नोंद नाही. पाकिटावर कोणी लिहिलंच नाही. मला चिकटलेली ही एकच खंत. डेव्हनमधल्या हेमिऑकला 2021 मध्ये एका माणसाला तिसऱ्या हेन्रीची 1257 ची सोन्याची पेनी सापडली आणि पुढच्या जानेवारीत ती लिलावात साडेसहा लाख पौंडांच्या आसपास गेली. तिची जागा सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पस्तीस पौंडांच्या नाण्याची नाही.

लोक विचारतात, दुर्मीळ नाणी कशी मिळवतेस? असं सोनं मी मिळवत नाही. माझ्या नाण्यांची दुर्मीळता तपशिलात असते. लंडनची अकराव्या वर्गातली पेनी कुठेही मिळते. तीच मोडक्या मुकुटाची, पण क्रुसाला काठी असलेली, ट्रेमध्ये क्वचित उभी असते, आणि असते तेव्हा पाकिटावर ‘टांकसाळ अस्पष्ट’ लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच. पहिल्या एडवर्डच्या पहिल्या वर्गातही तसंच. अगदी सुरुवातीच्या काही पेन्यांवर ‘आर’ऐवजी पूर्ण ‘रेक्स’, म्हणजे राजा, लिहिलंय. दोन अक्षरं जास्त, आणि किंमत कित्येक पट.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी एडवर्डांकडे पाठवत नाही, पहिल्या एलिझाबेथच्या सहा पेनीकडे पाठवते. तिच्यावर 1561 पासून ढालीच्या वर साल आहे, राणीच्या डोक्यामागे गुलाब आहे, आणि लेखाच्या सुरुवातीला टांकसाळीची खूण. साल आणि खूण एकमेकांशी जुळायला हवी, 1582 असेल तर तलवार किंवा घंटा, 1590 असेल तर हात. जुळली नाही की कान टवकारायचे. गुलाबाने मूल्यही कळतं: तो सहा पेनीवर, तीन पेनीवर, दीड आणि पाऊण पेनीवर असतो, शिलिंगवर आणि ग्रोटवर नसतो. याच राणीने 1600-01 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीसाठी स्पॅनिश रियालच्या तोलाची चांदीची नाणी खास पाडून दिली, किल्ल्याच्या जाळीदार दरवाज्याच्या चित्राची. पूर्वेच्या व्यापाऱ्यांना स्पॅनिश नाणं ओळखीचं होतं, हे नव्हतं. प्रयोग तिथेच बंद पडला. ती नाणी आज माझ्या आवाक्याबाहेर आहेत, पण ब्रिटिश म्युझियमच्या काचेबाहेरून बघायला काही पडत नाही.

दरहॅमच्या बिशपांपैकी बेक माझ्याकडे आधीच होता, आता केलो आला. उरला ब्यूमाँ. या गृहस्थाला बिशप व्हायला निघाला असताना 1317 मध्ये वाटेत दरोडेखोरांनी पकडून नेलं होतं. 1318 मध्ये अभिषेक झाला तेव्हा लॅटिनमधला एक लांब शब्द त्याला उच्चारता येईना, शेवटी तो म्हणाला की म्हटल्यासारखं समजा आणि पुढे चला. दरहॅमच्याच एका साधूने हे लिहून ठेवलं आहे. अशा माणसाच्या नाण्यावरचा लेख वाचायला मी दिवा तिरका धरून बसणार, याचं मला हसू येतं. एका विक्रेत्याने नुकतेच फोटो पाठवले आहेत. सुरुवातीला सिंह दिसतोय, चेहरा मोठा आहे, हसराही वाटतोय, पण मुकुटाच्या मधल्या फुलावर माती बसली आहे. चौदावा वर्ग तो म्हणतो. तिरक्या उजेडातला एक फोटो आणि काट्यावरचं वजन मागवलंय.